गाणे शिकवते ती 'बाई'च

मराठीत शाळेत शिकवणारीला आपण 'बाई' म्हणतो आणि बांधीत चिखलात उभी राहून रोवणी करणारीलाही 'बाई'च म्हणतो. शब्द एकच आहे. पण पहिल्या बाई वर्गात आल्या की मुले उभी राहतात, आणि दुसरी बाई एखाद्या कचेरीत गेली तर तिला बाहेर थांबायला सांगतात. हा फरक कुठून येतो, असा प्रश्न आपल्या चळवळीने अनेक अंगांनी विचारला आहे. मजुरीच्या अंगाने विचारला, जमिनीवरच्या हक्काच्या अंगाने विचारला, घरकामाच्या अंगाने विचारला. या लेखात मला तो गाण्याच्या अंगाने विचारायचा आहे.

गेली काही वर्षे मी गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा आणि देवरी तालुक्यांत बायांच्या बचत गटांबरोबर काम करते. या भागात एक नवी गोष्ट मी जवळून पाहते आहे. संगीत शिकणारी शहरातली मुले-मुली खेड्यांत येऊन बायांकडून त्यांची रोवणीची, लग्नाची, सणावारांची गाणी शिकू लागली आहेत. ही चांगली गोष्ट आहे, हे सुरुवातीलाच सांगते. ज्या गाण्यांना कालपर्यंत 'खेडवळ' म्हणून नाके मुरडली जात, ती शिकावीशी वाटणे हा बदलच आहे. पण या शिकण्यात गुरू कोण आहे, हे कुणी विचारत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे की, जिच्याकडून गाणे शिकायचे तिला शिक्षिका मानले पाहिजे. नावाने, मोबदल्याने आणि अधिकाराने. या तिन्ही गोष्टी नसतील तर त्याला गाणे शिकणे म्हणता येणार नाही, गाणे नेणे म्हणावे लागेल.

मुले येतात ती कशासाठी, हेही पाहू. विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत समूहगान, लोकवाद्यवृंद, लोकनृत्य अशा स्पर्धा असतात. त्यांना दर वर्षी नवी गाणी लागतात. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लोककला हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय आहे. आणि आमच्या तर अगदी शेजारी, दरेकसा ओलांडून डोंगरगडच्या पुढे, खैरागडला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. १९५६ साली खैरागडच्या राजघराण्याने आपला राजवाडा देऊन ते उभे केले. संगीत आणि कलांना वाहिलेल्या या विद्यापीठात लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे लोकगीत आता परीक्षेचा, गुणांचा आणि प्रमाणपत्राचा विषय झाले आहे.

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. युरोपातल्या क्रोएशिया या लहानशा देशातली तीन-चार प्रकारची पारंपरिक गायकी युनेस्कोने आपल्या याद्यांत घेतली आहे. इस्त्रिया भागातले दोन आवाजांचे गायन २००९ मध्ये, गळ्यातून आवाज थरथरवत गायचा 'ओइकान्ये' हा प्रकार २०१० मध्ये तातडीने जपण्याच्या यादीत, आणि दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचे 'क्लापा' हे समूहगान २०१२ मध्ये. तिथेही संगीताचे विद्यार्थी गावच्या गाणाऱ्यांपाशी बसतात, कारण हे आवाज कागदावरच्या स्वरलिपीत मावत नाहीत. ज्याला ते येतात त्याच्याजवळ बसूनच ते घेता येतात. क्लापा हे मुळात पुरुषांचे गाणे, पण पुढे बायांनीही आपले क्लापागट उभे केले. सांगायचे एवढेच की, गावचे गाणे आणि शिकलेला गळा यांची गाठ जगात अनेक ठिकाणी पडते आहे. त्या गाठीत गावाच्या वाट्याला काय येते, हा प्रश्नही सगळीकडचाच आहे.

आता आमच्या जिल्ह्याबद्दल. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. झाडीपट्टीचा हा भाग. इथे झाडीबोली बोलतात, पोवारी बोलतात, गोंडी आणि हलबी बोलतात, आणि छत्तीसगडच्या अंगाला गेले की बोलण्याचे वळण आणखी बदलते. प्रत्येक बोलीत बायांची गाणी आहेत. पोवारांच्या लग्नात एकेका विधीला बायांचे वेगळे गाणे असते. गोंड बायांचे रेला आहे. या गाण्यांना व्यासपीठ नव्हते, पण जागा होती: मांडव, अंगण, बांधी.

सालेकसा तालुक्यातच कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव-भगिनी येतात. गोंड परंपरेत सांगतात की, या गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका जंगो रायताड या स्त्रीच्या आणि पारी कुपार लिंगोच्या पुढाकाराने झाली, आणि गुहेच्या तोंडावरची शिळा सरकली ती हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताच्या बळावर. तो स्वतः त्या शिळेखाली गेला. पण त्याचे नाव आजही घेतले जाते. ज्याच्या संगीताने दार उघडले त्याचे नाव विसरायचे नाही, ही रीत आमच्याच मातीत आहे. ती आजच्या गाणाऱ्या बाईला का लागू होत नाही?

दोन वर्षांपूर्वीच्या रोवणीत घडलेले सांगते. एका संगीत महाविद्यालयाचे आठ विद्यार्थी, पाच मुली आणि तीन मुलगे, आमच्या कामाच्या एका गावात चार दिवसांसाठी आले. बरोबर एक सर होते. पहिल्या दिवशी त्यांनी समाजमंदिरात सतरंजी घातली, हार्मोनियम मांडला, मोबाइल उभा केला आणि बायांना गायला सांगितले. बाया बसल्या, एकमेकींकडे पाहून हसल्या, दोन ओळी म्हणाल्या आणि थांबल्या. शेवटी साठी उलटलेल्या एका आजींनी सांगून टाकले, "हात हालल्याबिगर गाना येत नाही बाई. बांधीत या."

दुसऱ्या दिवशी मुले बांधीत उतरली. दुपारपर्यंत सगळ्यांच्या कमरा धरल्या. पण गाण्याचे जे काही कळायचे ते तिथेच कळले. वाकून रोवताना छाती दबलेली असते, श्वास लांब टिकत नाही. म्हणून गाण्याची ओळ आखूड असते. एका बाजूच्या बायांनी ओळ म्हटली की दुसऱ्या बाजूच्या बाया ती उचलतात, आणि तेवढ्यात पहिल्या बाजूला श्वास मिळतो. पऱ्हे चिखलात खोचणाऱ्या हाताची लय हाच ताल. वहीत स्वरलिपी लिहिणाऱ्या मुलीला ओळीच्या शेवटच्या स्वराचे काय करावे ते कळेना, कारण हार्मोनियमच्या दोन पट्ट्यांच्या मध्येच तो कुठेतरी होता. तिचा शिकवलेला, गोड, आवरलेला आवाज ऐकून आजी म्हणाल्या, "आवाज दाबू नको. पलीकडच्या बांधीतल्या बाईले आयकू गेला पायजे." त्या मुलीने गळा मोकळा केला आणि बायांनी एकदम माना डोलावल्या. आजी शिकवत होत्या. काय चुकले, का चुकले आणि कसे सुधारायचे, हे त्या सांगत होत्या. शिक्षिका याहून वेगळे काय करते?

पुढचेही सांगते. हिवाळ्यात ते गाणे एका स्पर्धेत गायले गेले, त्याला बक्षीस मिळाले. त्याचे चित्रण मोबाइलवरून गावात आले आणि बाया भोवती जमल्या. निवेदनात 'विदर्भातील पारंपरिक लोकगीत' एवढेच होते. संगीत संयोजनाला सरांचे नाव होते. गावाचे नव्हते, आजींचे नव्हते, कुणाचेच नव्हते. आणि दोन कडवी गाळलेली होती. एकात दारू पिऊन हात उगारणाऱ्या नवऱ्याची गोष्ट होती, दुसऱ्यात मजुरी अडवून ठेवणाऱ्या मालकाची. उरले होते ते पाऊस, माहेर आणि भाऊ. एक बाई म्हणाली, "आमच्या गावाचा नाव तरी घ्यायचा होता." दुसरी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दारूचा कडवा कुठी गेला? तोच तर माहा होता."

ते कडवे तिने स्वतः रचले होते. तिच्या नवऱ्याच्या दारूपायी तिने काय सोसले ते गावाला ठाऊक आहे. पोलीस पाटलासमोर जे तिला कधी सांगता आले नाही, ते तिने बांधीत, वीस बायांच्या आवाजात मिसळून सांगितले होते. वीस जणींनी ते उचलून पुन्हा म्हटले होते. आपण ज्याला समुपदेशन म्हणतो, आधारगट म्हणतो, ते काम ते कडवे करत होते. आणि रंगमंचावर शोभत नाही म्हणून नेमके तेच कापले गेले.

'पारंपरिक' हा शब्द मला म्हणूनच तपासून घ्यावासा वाटतो. परंपरेचे गाणे कुणी रचलेलेच नसते, ते आपोआप उगवते, असा त्यातून समज होतो. प्रत्यक्षात बायका चाल जुनी घेतात आणि त्यात आपले कडवे घालतात. काही कडवी टिकतात, काही गळतात. टिकलेल्या प्रत्येक कडव्यामागे कुणीतरी एक बाई होती. तिला लिहिता येत नव्हते आणि तिचे नाव विचारणारे कुणी नव्हते, एवढाच 'पारंपरिक' या शब्दाचा अनेकदा अर्थ असतो. बहिणाबाई चौधरी शेतात आणि जात्यावर गाणी रचत होत्या. त्या १९५१ मध्ये गेल्या. त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, कारण मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, त्याने ती उतरवून घेतली होती आणि आचार्य अत्र्यांना त्यांचे मोल कळले. नाहीतर त्याही आज 'खानदेशातील पारंपरिक गीते' या मथळ्याखाली गेल्या असत्या. बाकीच्या बायांना सोपानदेव मिळाले नाहीत.

नावे नोंदवणे अशक्य आहे असे कुणी म्हणेल, तर त्याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी १९८० च्या दशकापासून पुण्याच्या आसपासच्या डोंगरी भागातून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गावोगावच्या बायांना सोबत घेऊन एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. या संग्रहात ओवीपाशी गाणारीचे नाव आहे, तिचे गाव आहे. अलीकडे 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहाने हे काम पुढे नेले, तेव्हा गाणाऱ्या बाईचा फोटो, वय, काम हेही दिले. ओवी सगळ्यांची आहे, तरी ती आज कोण गाते आहे हे सांगता येते. एक लाख ओव्यांपाशी जे जमते, ते सात मिनिटांच्या समूहगानापाशी न जमायला कारण काय?

आपल्या संगीताच्या इतिहासात हे एकदा घडून गेले आहे, हेही विसरू नये. अभिजात संगीत मध्यमवर्गाच्या घरांत पोहोचले ते विसाव्या शतकात. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, पुढे ठिकठिकाणी विद्यालये, परीक्षा आल्या. मुलींना उजळ माथ्याने गाणे शिकता येऊ लागले. हे मोठेच काम होते. पण ज्या घराण्यांतल्या बायांनी पिढ्यान् पिढ्या ठुमरी, दादरा, लावणी सांभाळली होती, त्यांना या नव्या प्रतिष्ठेत जागा मिळाली नाही. १९४६ मध्ये तर ज्यांचे खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशांना आकाशवाणीवर घेऊ नये, असे धोरण आले, आणि त्याची झळ बसली ती प्रामुख्याने बायांनाच. त्यांचे गाणे आत आले, त्या दाराबाहेर राहिल्या. तमाशातही तेच. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून गौरव मिळाला, पण अखेरच्या आजारपणात पैशांची ओढाताण चुकली नाही. २००२ मध्ये त्या गेल्या. नंतर राज्य शासनाने त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

शेजारच्या छत्तीसगडच्या तीजनबाईंचे उदाहरण नेहमी दिले जाते. उभे राहून पंडवानी गायची ती पुरुषांनी, अशी रीत असताना त्या उभ्या राहिल्या, त्यासाठी समाजाचा बहिष्कार सोसला. १९८७ ला पद्मश्री, २००३ ला पद्मभूषण, २०१९ ला पद्मविभूषण. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण एकटीच्या गाण्याला पुरस्कार मिळतो, घोळक्याच्या गाण्याला मिळत नाही. रोवणीचे गाणे घोळक्याचे आहे. त्यात मुख्य गायिका नाही, साथीदार नाही. आपल्या सगळ्या योजना मात्र एक गुरू, एक साथीदार आणि काही शिष्य असेच चित्र डोळ्यांसमोर ठेवतात. केंद्राच्या क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांची गुरुशिष्य परंपरा योजना आहे. असे एक केंद्र १९८६ पासून नागपुरातच आहे. या योजनेत गुरूला, साथीदाराला आणि शिष्याला दरमहा मानधनाची सोय आहे. पण दहा बाया मिळून जे गाणे शिकवतात, त्यात गुरूच्या रकान्यात कुणाचे नाव लिहायचे?

राज्य शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते. २०२४ मध्ये ते सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. चांगलेच झाले. पण अर्जासोबत इतक्या वर्षांच्या कलासेवेचे पुरावे जोडावे लागतात. भजनी मंडळाच्या बुवांकडे प्रमाणपत्रे असतात, दंडारीतल्या, झाडीपट्टी नाटकांतल्या कलावंतांकडे हँडबिले असतात, वर्तमानपत्राची कात्रणे असतात. ज्या बाईने चाळीस वर्षे लोकांच्या मांडवात आणि मालकाच्या बांधीत गाणे म्हटले, तिच्याकडे कोणता कागद असणार? तिचे गाणे कलेत मोजलेच गेले नाही, जसे तिचे घरकाम कामात मोजले गेले नाही. दोन्हींचे कारण एकच आहे.

इथे विधवांचा प्रश्न वेगळा काढते. लग्नाची गाणी कुणाला सगळ्यात जास्त येतात, असे गावात विचारले तर बहुधा एखाद्या वयस्क विधवेचे नाव पुढे येते. पण हळदीच्या वेळी ती पुढे बसू शकत नाही. मागून, भिंतीच्या आडून ती ओळ सुचवते आणि सवाष्ण बायका ती म्हणतात. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. ठराव कागदावर राहतात असा आपला अनुभव आहे. पण संगीताचे विद्यार्थी शिकायला आले आणि त्यांना शिकवायला ती विधवा आजी सगळ्यांच्या पुढे, मधोमध बसली, तर त्या गावात ठरावापेक्षा अधिक काही होईल. गाणे शिकण्यात अशीही ताकद आहे. म्हणूनच हे शिकणे नीट व्हावे असा माझा आग्रह आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, पैसे आले की लोककला बाटते. शास्त्रीय गायक मैफलीची बिदागी घेतात, क्लासवाले सर फी घेतात, परीक्षक मानधन घेतात. तिथे कला बाटत नाही. ती फक्त मजूर बाईच्या हातात पैसे आल्यावरच बाटते, हे कसे? दुसरा आक्षेप असा की, बायांना स्वतःलाच नाव नको असते, त्या लाजतात. काही वेळा हे खरे असते. सुनेला सासूविषयीचे गाणे आपल्या नावाने बाहेर जाऊ नये असे वाटू शकते. तो तिचा अधिकार आहे. पण त्यासाठी तिला विचारावे लागते. न विचारता नाव गाळणे म्हणजे तिची लाज राखणे नव्हे.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि तो आपल्यातल्याच मैत्रिणी घेतात. ही गाणी कष्टाची आहेत. ती जपायची म्हणजे कष्टही जपायचे का? पिठाची गिरणी आली आणि जाते सुटले, त्याबरोबर ओवी सुटली. म्हणून कुणी बाईला पुन्हा पहाटे जात्यावर बसवणार आहे का? मुळीच नाही. रोवणीचेही तसेच आहे. आता बाया गुत्त्याने एकरावर रोवणी घेतात. जितके लवकर उरकेल तितकी मजुरी पदरात, मग गाण्याला उसंत कुठली? कुठे कुठे रोवणीची यंत्रे येऊ लागली आहेत. कंबरेचे दुखणे कमी होत असेल तर ती यावीत, मात्र बाईचा रोजगार न बुडवता. कष्ट सुटल्याचा आनंद खरा आहे आणि गाणे सुटल्याची हळहळही खरी आहे. दोन्ही एकत्र धरायचे तर एकच मार्ग मला दिसतो. ज्या बाईजवळ गाणे आहे, तिला ते शिकवण्याचे काम मिळाले पाहिजे. कंबर मोडून जे गाणे ती म्हणत होती, ते सन्मानाने बसून, पोटापुरते पैसे घेऊन तिने शिकवावे. मग गाणे टिकवायला कष्ट टिकवावे लागणार नाहीत.

कायदाही तिच्या बाजूने आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क आले. गाणे कितीही जुने असले, त्यावर कुणाचीच मालकी नसली, तरी ते गाणाऱ्या व्यक्तीचा आपल्या गायनावर हक्क आहे. तिच्या संमतीशिवाय त्याचे ध्वनिमुद्रण करता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तर सादरकर्ती म्हणून आपले नाव दिले जावे, हा हक्कही तिला दिला. आणि २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पारंपरिक कलाकार आणि कारागिरांना उच्च शिक्षण संस्थांत 'कलागुरू' म्हणून बोलावण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणजे आता 'नियमात बसत नाही' असे म्हणून टाळता येणार नाही.

तेव्हा संगीत महाविद्यालयांकडे आणि गावोगावच्या आपल्या गटांकडेही माझ्या काही ठोस मागण्या आहेत. गाणे जिथे गायले जाईल तिथे गावाचे आणि शिकवणाऱ्या बायांचे नाव घ्यावे. दहा जणींनी शिकवले असेल तर दहा नावे घ्यावीत, त्याला एक मिनिटही लागत नाही. शिकवण्याच्या दिवसांचे मानधन द्यावे, आणि ते बुडालेल्या मजुरीइतके नव्हे तर बाहेरून बोलावलेल्या व्याख्यात्याला जे देतात तितके द्यावे. ते प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात जावे, सरपंचाच्या किंवा नवऱ्याच्या हाती नको. ध्वनिमुद्रणापूर्वी तिच्या बोलीत सांगून संमती घ्यावी आणि मुद्रणाची प्रत गावात ठेवावी. कडवे गाळायचे असेल तर तिला विचारून गाळावे; आणि दारूचे, मारहाणीचे, मजुरीचे कडवे गाळण्याआधी दहा वेळा विचार करावा. शिकणाऱ्यांच्या रांगेत गावातल्या शाळकरी मुलीही बसवाव्यात, म्हणजे आजीचे गाणे नातीला शहरातून परत शिकावे लागणार नाही. आणि गाणे बसले की नाही, याची परीक्षा त्याच बायांनी घ्यावी. त्यांनी मान डोलावली तरच विद्यार्थी पास.

शेवटची मागणी अगदी लहान आहे आणि तिला काही खर्च येत नाही. प्रत्येक बाईला महाविद्यालयाने आपल्या छापील कागदावर, शिक्क्यानिशी एक पत्र द्यावे: 'अमुक गावच्या अमुक बाईंनी आमच्या विद्यार्थ्यांना अमुक तारखांना गायन शिकवले.' कलावंत मानधनाच्या अर्जाला जोडायला तिच्याजवळ निदान एक पुरावा येईल. आपल्या गटांनी अशी पत्रे मागून घ्यावीत, जपून ठेवावीत, अर्ज भरायला मदत करावी. जिल्ह्यातल्या दहा गावांतून असे दहा-दहा अर्ज गेले, तर बायांचे गाणे कला आहे की नाही याचा निकाल शासनाला द्यावा लागेल. आणि त्या पत्रात नावाच्या आधी 'श्रीमती' लिहा की 'सौ.' लिहा, यापेक्षा नावानंतर काय लिहिता ते महत्त्वाचे आहे. तिथे 'शिक्षिका' असे लिहा.